पाहणाऱ्याच्या हातात दिलेलं काम

परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे गाव यादवकाळातल्या मंदिरांसाठी ओळखलं जातं. गोकुळेश्वराचं मंदिर इथलंच. मान पुरती वर केल्याशिवाय ज्याचा माथा दिसत नाही असा उंच, कोरीव दगडी स्तंभही इथलाच. या वास्तू एका जागी उभं राहून पाहून होत नाहीत. स्तंभाला फेरी घालावी लागते, कारण सकाळी उठून दिसणारी नक्षी दुपारी सपाट होते आणि दुसऱ्याच बाजूची उठाव घेते. मंदिरात शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबावं लागतं, मग कुठे खांबांवरचं काम दिसू लागतं. उंबरा ओलांडायचा, वाकायचं, प्रदक्षिणा घालायची. पाहणाऱ्याचे पाय, त्याची मान आणि त्याचा धीर, सगळं गृहीत धरूनच त्या काळच्या कारागिरांनी दगड घडवला होता.

हीच गोष्ट या भागातल्या गोंधळाची. परभणीचे राजारामबापू कदम गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेले. त्यांच्या परंपरेत नुसतं बसून पाहणारा कुणी नसतोच. संबळ वाजू लागतं, गोंधळी ‘उदो बोला उदो’ म्हणतो आणि पुढचा ‘उदो’ समोरच्या लोकांनी द्यायचा असतो. दिवटीत तेल घालायला घरातलं माणूस पुढे येतं. ज्याच्या घरचा गोंधळ, तो यजमान कार्यक्रमाचा भाग असतो. त्याच्याशिवाय कार्यक्रम उभाच राहत नाही.

मग पाहणारा गप्प कधी बसला?

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. मराठवाड्याच्या गावांत टीव्ही पोहोचायला आणखी बरीच वर्षं गेली. 1987 मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा गावातल्या एखाद्या घरच्या टीव्हीसमोर अख्खी गल्ली जमत असे आणि कुठे कुठे त्या पेटीला हारही घातला जाई. तिथवर पाहणाऱ्याचा थोडा तरी सहभाग होता. लोक एकत्र येत, मध्येच बोलत, हात जोडत. 1991 नंतर बाजार खुला झाला, केबल आली आणि टीव्ही घरोघरी वेगवेगळा झाला. 1977 मध्ये देशातून बाहेर पडलेली कोका-कोला 1993 मध्ये परतली. पेप्सी त्याआधीच, 1990 मध्ये आली होती. गोटीसोड्याच्या गाड्यांशेजारी लाल आणि निळी शीतकपाटं दिसू लागली. आज मराठवाड्यातल्या कोणत्याही रस्त्याने जावं, घरांच्या भिंती सिमेंट, पाइप आणि बियाण्यांच्या जाहिरातींनी रंगलेल्या दिसतात. भिंत घरमालकाची, तिच्यावरचं चित्र कंपनीचं आणि समोरून जाणारा प्रत्येक माणूस तिचा प्रेक्षक. या प्रेक्षकाकडून एकच अपेक्षा असते, त्याने खरेदी करावी.

पश्चिमेत या बदलाची चाहूल आधी लागली होती. अँडी वॉरहॉलने 1962 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका गॅलरीत कॅम्पबेल सूपच्या डब्यांची 32 चित्रं मांडली. दुकानाच्या फळीवरची वस्तू कलादालनाच्या भिंतीवर आली. 1967 मध्ये फ्रान्समध्ये गी दबोर या विचारवंताने ‘देखाव्याचा समाज’ या आशयाचं पुस्तक लिहिलं. माणसं जगण्याऐवजी जगण्याची चित्रं पाहत बसतात आणि ती चित्रंच त्यांना विकली जातात, असं त्याचं म्हणणं होतं. भारतात हा प्रश्न नव्वदच्या दशकात ऐरणीवर आला आणि त्याला सर्वांत जोरकस उत्तरं मुंबईतल्या काही चित्रकार-शिल्पकारांनी दिली. ती उत्तरं नीट पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांतल्या अनेकांनी पाहणाऱ्याला पुन्हा कामाला लावलं.

शर्मिला सामंत या मुंबईच्या कलावंत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक साडी केली. तिला धागा नव्हता. कोका-कोलाच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं, ज्यांच्या कडा दाते पाडून दुमडलेल्या असतात तीच झाकणं, धातूच्या कड्यांनी एकमेकांत अडकवून हे वस्त्र तयार झालं. लांबून पाहिलं तर ती जरीची साडी वाटावी, इतका झाकणांचा लाल आणि चंदेरी रंग झळाळतो. जवळ गेल्यावर प्रत्येक टिकलीवर तीच अक्षरं छापलेली दिसतात. कृतीचं नाव साधं, ‘हातानं केलेली साडी’ अशा अर्थाचं. मराठी प्रेक्षकाला हे नाव लगेच भिडतं. पैठणचा आणि येवल्याचा विणकर एका पदरासाठी महिनोन् महिने मागावर बसतो. या झाकणांच्या साडीतही तसेच कष्ट आहेत. एकेक झाकण गोळा करायचं, एकेक कडी वळवायची. फरक एवढाच की इथला कच्चा माल पेय प्यायल्यावर फेकून दिलेला आहे. ही साडी नेसायची झाली तर तिचं वजन अंगावर घ्यावं लागेल आणि त्या दात्यांच्या कडा कातडीला लागतील. ही जाणीव पाहणाऱ्याच्या अंगाला होते, डोक्याला नंतर. म्हणूनच शीतपेयांवर लिहिलेल्या अनेक लेखांपेक्षा ही एक साडी जास्त लक्षात राहते.

याच सुमारास अतुल डोडिया दुकानांच्या लोखंडी शटरवर चित्रं काढू लागले. डोडिया 1959 मध्ये जन्मले, घाटकोपरला वाढले आणि सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकले. शटर ही मुंबईची रोजची वस्तू. सकाळी खडखडाट करत वर जातं, रात्री खाली येतं. 1992-93 च्या दंगलींत मात्र ते भर दिवसा खाली आलं होतं. 2001 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात मोठ्या शहरांवरचं एक भव्य प्रदर्शन झालं. त्यातला मुंबईचा विभाग गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी मांडला होता आणि डोडियांची शटरं तिथे होती.

पुढच्याच वर्षी आलेलं त्यांचं ‘महालक्ष्मी’ हे शटर मात्र विसरता येत नाही. बाहेरच्या पत्र्यावर राजा रविवर्म्याच्या धाटणीची लक्ष्मी आहे. ही लक्ष्मी महाराष्ट्राला नवी नाही. रविवर्म्याचा शिळा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून निघालेल्या रंगीत देवदेवता देशभर पोहोचल्या. त्या देवघरात गेल्या, तशाच कापडाच्या तागांवरच्या लेबलांवर आणि दुकानांच्या कॅलेंडरांवरही गेल्या. अनेक सामान्य घरांत विकत आणलेलं पहिलं रंगीत चित्र बहुधा असंच कुठलं तरी असेल. डोडियांचं शटर वर सरकलं की लक्ष्मी गुंडाळली जाते आणि मागे दिसतात छताच्या पंख्यांना लटकलेल्या बहिणी. हुंड्याच्या विवंचनेतून कानपूरला झालेल्या आत्महत्यांच्या वर्तमानपत्री छायाचित्रावरून ते चित्र केलेलं आहे. धनाची देवता आणि पैशापायी गेलेल्या मुली एकाच चौकटीत आहेत, पण एका वेळी दिसत नाहीत. एक पाहायचं तर दुसरं झाकावं लागतं. कुणी तरी शटर ओढावं लागतं.

शिल्पा गुप्ता यांनी पाहणाऱ्यावर याहून मोठी जबाबदारी टाकली. 1976 मध्ये मुंबईत जन्मलेल्या गुप्ता जे. जे. मध्ये शिल्पकला शिकल्या. त्यांच्या 2007 च्या सावल्यांच्या मालिकेतल्या एका कृतीत प्रेक्षक एका मोठ्या अंधाऱ्या खोलीत शिरतो. समोरच्या भिंतीवर त्याची स्वतःची सावली पडते. कॅमेरा ती टिपत असतो. सुरुवातीला मजा वाटते. माणसं हात हलवतात, मुलं उड्या मारतात. मग वरून दोऱ्या उतरतात. त्या दोऱ्यांवरून कसल्याशा वस्तूंच्या सावल्या घसरत येतात आणि प्रेक्षकाच्या सावलीला चिकटतात. तो बाजूला सरकतो, त्या त्याच्यासोबत सरकतात. हात झटकला तरी सुटत नाहीत. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, असं करत भिंतीवरच्या माणसाचं हळूहळू गाठोडं होतं. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाची सावलीही त्याच ढिगात मिसळलेली असते. खोलीत खरी वस्तू एकही नाही, तरी बाहेर पडताना खांदे जड वाटतात. वस्तूंचा सोस माणसाला कसा गाडतो यावर उपदेश करणारी चित्रं पुष्कळ आहेत. इथे तो अनुभव स्वतःच्याच अंगाच्या आकारावर घडतो, तिथेच या कृतीचं बळ आहे.

त्यांची 2008-09 मधली साबणाची भिंत आणखी साधी. विटेच्या आकाराच्या अंघोळीच्या साबणाच्या वड्या एकावर एक रचून भिंत केली होती. प्रत्येक वडीवर इंग्रजी अक्षरांत ‘थ्रेट’ असं उमटवलेलं, म्हणजे धमकी. प्रेक्षकाने एक वडी उचलून घरी न्यायची. भिंत रोज थोडी थोडी कमी होते. घरी नेलेली वडी अंगाला लावली की अक्षरं झिजत जातात. अमेरिकेत 1990 च्या सुमारास फेलिक्स गोन्झालेस-तोरेस यांनी गोळ्या-चॉकलेटांचे ढीग मांडून लोकांना ते उचलायला सांगितलं होतं. एका ढिगाचं वजन एड्सने गेलेल्या त्यांच्या जोडीदाराच्या वजनाएवढं होतं. तिथे गोड खाऊन माणूस हळूहळू संपत होता, इथे रोजच्या वापरात भीती विरघळत होती. दोन्ही ठिकाणी वस्तू फुकट मिळते, पण घेणारा ग्राहक राहत नाही. घेतलेल्या वस्तूचं पुढे काय करायचं हे त्याला ठरवावं लागतं.

सामंत, गुप्ता आणि तुषार जोग हे तिघं एकेकटे काम करत नव्हते. ‘ओपन सर्कल’ नावाच्या गटात ते एकत्र होते, सुरुवातीला अर्चना हांदेही होत्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्थापन झालेल्या या गटाने सुमारे दहा वर्षं कार्यशाळा घेतल्या, कार्यकर्त्यांना आणि कलावंतांना एका खोलीत बसवलं, गॅलरीबाहेर रस्त्यावर कार्यक्रम केले. 2002 च्या गुजरातेतल्या हिंसाचारानंतर ते गप्प राहिले नाहीत. मराठी वाचकांनी दलित साहित्याच्या किंवा लघुनियतकालिकांच्या चळवळीची जितकी दखल घेतली, तितकी या गटाची घेतली नाही, हे खेदाने नोंदवायला हवं. दृश्यकलेबद्दल मराठीत लिहिलं जातं ते मुख्यतः निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं आणि जुने मास्तर यांच्याबद्दल.

जोग यांची गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. 1966 चा जन्म, 2018 मध्ये अकाली निधन. त्यांनी ‘युनिसेल पब्लिक वर्क्स सेल’ या नावाचं एक कार्यालयच काढलं. नाव सार्वजनिक बांधकाम खात्यासारखं, काम एका माणसाचं. तो काळ मुंबईचं शांघाय करण्याच्या घोषणांचा होता. 2003 मध्ये मॅकेन्झी या सल्लागार कंपनीचा मुंबईविषयीचा अहवाल आला होता आणि शहराची चित्रं संगणकावर चकचकीत रंगवली जात होती. ती पाहायला नागरिकांना बोलावलं जाई, ठरवायला नाही. जोगांनी उलट टोकाकडून सुरुवात केली. लोकलच्या दाराबाहेर लटकणाऱ्या प्रवाशाला आज, या घडीला काय उपयोगी पडेल? त्याच्यासाठी डब्याला अडकवायच्या आधाराच्या साधनांचे नमुने त्यांनी केले. विकासाच्या आराखड्यात ज्याला जागा नाही, त्याच्या मापाने त्यांनी आराखडा काढला.

2010 मध्ये तर ते रॉयल एनफिल्डवर बसून मुंबईहून थेट शांघायला निघाले. शांघायमधल्या एका प्रदर्शनासाठी केलेलं ते काम होतं. दोन जागा त्यांनी मुद्दाम रस्त्यात घेतल्या, सरदार सरोवर आणि चीनमधलं थ्री गॉर्जेस धरण. सरदार सरोवरामुळे एकट्या महाराष्ट्रातली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावं बाधित झाली. थ्री गॉर्जेसने बारा लाखांहून अधिक माणसं हलवली. ज्या शहराचं चित्र दाखवून मुंबईला स्वप्न विकलं जात होतं, त्या शहरापर्यंत जोगांनी धूळ खात प्रवास केला आणि वाटेत त्या स्वप्नाची किंमत भरलेल्या माणसांना गाठलं. ही कृती भिंतीवर टांगता येत नाही. तिची छायाचित्रं आणि नोंदी उरतात, पण कृती म्हणजे तो प्रवासच.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. पाहणाऱ्याला सहभागी करून घेणं हाही आता धंदा झाला आहे. जानेवारी 2023 मध्ये मुंबईत व्हॅन गॉगच्या चित्रांचा एक देखावा आला. भिंतींवर, जमिनीवर, सगळीकडे प्रक्षेपित केलेली सूर्यफुलं आणि तारे. तिकीट काढायचं, त्या रंगांत उभं राहायचं, फोटो काढायचा. शहरांच्या चौकांत नावाची मोठाली अक्षरं उभी राहिली आहेत, त्यांच्यापुढेही लोक रांगेने फोटो काढतात. चारठाण्यासारख्या गावांतल्या जुन्या मंदिरांवरही हीच पाळी येते आहे. लग्नाआधीच्या छायाचित्रणाला कोरीव खांब छान पार्श्वभूमी देतात. त्यात वाईट काही नाही. तरुणांनी मंदिरात यावं, हसावं, कपडे मिरवावेत. अडचण अशी की फोटोत खांब मागे जातो आणि त्याच्याकडे कुणाची पाठ असते. दगडावर नेमकं काय कोरलं आहे, कोणता तुकडा निखळून कुठे पडला आहे, पावसाचं पाणी कुठून झिरपतं, हे पाठ फिरवून कळत नाही. शिल्पा गुप्तांच्या खोलीतही माणसं फोटो काढतातच, पण तिथे सावली त्यांना सोडत नाही. व्हॅन गॉगच्या देखाव्यात प्रेक्षकाला काहीच सोसावं लागत नाही. सहभागाच्या या दोन तऱ्हा ओळखायला याहून सोपी कसोटी नाही.

सोसणं कमी करणारी कलाही असू शकते, याचं उदाहरण नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमध्ये घालून दिलं. मुंबईत काम करणाऱ्या नवज्योत नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून कोंडागावला जाऊ लागल्या आणि राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेस्सुराम या तिथल्या आदिवासी कलावंतांसोबत बरोबरीने काम करू लागल्या. त्यांनी हातपंपांभोवतीच्या जागा घडवल्या, ‘नलपार’. पंपाभोवती चिखल होतो, घसरायला होतं. भरलेली घागर जमिनीवरून थेट डोक्यावर उचलताना बाईची कंबर मोडते. म्हणून ओट्याच्या कडेला वेगवेगळ्या उंचीच्या बैठका केल्या. घागर आधी खालच्या बैठकीवर, मग वरच्या आणि तिथून डोक्यावर. वाहून जाणाऱ्या पाण्याला वाट दिली. भोवतीच्या भिंतींवर तिथल्याच चिन्हांची शिल्पं आली. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कोणत्याही बाईला या शिल्पाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. त्याला प्रेक्षक नाहीत, वापरणाऱ्या बायका आहेत. ते विकत घेता येत नाही आणि दुसरीकडे हलवताही येत नाही.

पण बाजारातून पूर्ण सुटका कुणाचीच होत नाही. वर सांगितलेल्या बहुतेक कलावंतांची कामं गॅलऱ्या विकतात, संग्राहक घेतात, परदेशी संग्रहालयं मांडतात. झाकणांची साडीही शेवटी मोलाची वस्तू ठरते. परभणीहून रात्रीची गाडी पकडून मुंबईला जाणाऱ्या विद्यार्थ्याला जहांगीर कलादालनात फुकट जाता येतं हे खरं, पण त्याच गल्ल्यांतल्या खासगी गॅलऱ्यांची काचेची दारं ढकलायला त्याला धीर करावा लागतो. ग्राहकवृत्तीवर बोट ठेवणारी कला मूठभर ग्राहकांपुरती उरावी, ही या सगळ्या प्रवासातली दुखरी जागा आहे. ती लपवून या कलेचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

या पेचातून वाट काढण्याचा एक प्रयत्न चंद्रपूर जिल्ह्यातून आला. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म 1986 चा, सास्ती या कोळसा खाणीच्या गावातला. खाणकामगारांच्या घरातला हा मुलगा खैरागढ आणि बडोद्याला शिकला आणि कोळशानेच चित्रं काढू लागला. 2012 मध्ये मुंबईतल्या क्लार्क हाऊसमध्ये त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. चित्रं कागदावर नव्हती, भिंतींवर होती. माणसांच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा, खाणीचं हत्यार, यंत्राचा भाग. छतापर्यंत गेलेल्या त्या आकृत्यांसमोर उभं राहिलं की आपण लहान होतो आणि चुकून खांदा टेकला तर सदऱ्याला काळं लागतं. प्रदर्शन संपलं की भिंतीला पुन्हा रंग दिला जातो. त्या चित्राला मालक मिळत नाही.

पाचपुत्यांची कॅनव्हासवरची चित्रं आता विकलीही जातात आणि त्यात गैर काही नाही, कलावंतालाही घर चालवायचं असतं. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी आलेल्या शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांच्या चित्रांत आला, 2022 मध्ये ते व्हेनिसच्या द्वैवार्षिकीत होते. त्याआधी, 2021 मध्ये, वेल्समधल्या आर्टेस मुंडी पुरस्काराच्या अंतिम यादीत त्यांचं नाव होतं. त्या वर्षी एकच विजेता निवडायचा नाही असं ठरलं आणि सहाही कलावंतांना पुरस्कार दिला गेला. भिंतीवरची चित्रं मात्र अजूनही पेटीत भरून पाठवता येत नाहीत. नव्या शहरात बोलावणं आलं की पाचपुते कोळसा घेऊन जातात, समोरच्या भिंतीचं माप घेतात आणि पहिल्यापासून काढायला लागतात.